कोलोनोस्कोपीला घाबरू नका, असं मी म्हणणार नाही
(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी ‘कोलोनोस्कोपी’ म्हणाले. फोनवर जरा वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, “ताई, आरोग्य असं लिहू का?” मी म्हटलं, नको, तेच लिहा. आपल्या व्यासपीठावर आपण तलाकवर बोलतो, वारसाहक्कावर बोलतो, मुलींच्या शिक्षणावर बोलतो. स्वतःच्या आतड्याबद्दल बोलायला मात्र अजून लाजतो. आणि त्या लाजेची किंमत आमच्या घराने मोजली आहे.

माझे अब्बा इचलकरंजीत यंत्रमागावर काम करायचे. बावन्नाव्या वर्षी त्यांना गुदाशयाचा कॅन्सर असल्याचं कळलं आणि त्रेपन्नाव्या वर्षी ते गेले. पण रक्त त्याआधी दीड वर्ष पडत होतं. त्यांनी ते अम्मीलासुद्धा सांगितलं नव्हतं. एकदा अम्मीने कपडे धुताना पाहिलं आणि विचारलं, तर म्हणाले, “बवासीर है, गरम खाया तो होता.” मग मसाला बंद, ताक सुरू. कुणीतरी एक पुडी दिली, कुणीतरी एक मलम दिलं. बिनऑपरेशन मूळव्याधीच्या पाट्या तुम्हीही भिंतीभिंतीवर पाहिल्या असतील. तशाच एका ठिकाणी ते सात-आठ महिने जात राहिले. त्या सगळ्या काळात एकाही माणसाने हातमोजा घालून बोटाने साधी तपासणीसुद्धा केली नाही. गुदाशयातली गाठ पुष्कळदा डॉक्टरच्या बोटालाच लागते. अब्बांनी ती करू दिली असती का, हेही मला सांगता येत नाही. त्यांच्या पिढीला सतर म्हणजे जीव गेला तरी झाकून ठेवायची गोष्ट वाटायची.

मी आज चाळीस वर्षांची आहे. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला असेल तर आपली पहिली तपासणी चाळीसाव्या वर्षी, किंवा त्या माणसाला ज्या वयात आजार सापडला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा करावी असं सांगतात. बावन्नातून दहा गेले बेचाळीस. म्हणजे माझ्यासाठी चाळीस. घरात कुणालाच नसेल तर अमेरिकेत 2021 पासून पंचेचाळीसाव्या वर्षी तपासणी सुरू करा असं म्हणतात. आपल्याकडे सरकारी पातळीवर तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी होते, आतड्याची अशी सरसकट मोहीम नाही. त्यामुळे घरातला इतिहास आपणच डॉक्टरला सांगायचा असतो. आणि तो सांगायला आधी घरात बोलावं लागतं.

तर मी कोलोनोस्कोपी केली. आता ती कशी असते ते सांगते. घाबरू नका असं मी म्हणणार नाही, मी घाबरले होते.

खरा त्रास तपासणीचा नाही, आदल्या रात्रीचा आहे. आतडं पूर्ण स्वच्छ नसेल तर कॅमेऱ्याला काही दिसत नाही आणि सगळं पुन्हा करावं लागतं. म्हणून दोन-तीन दिवस आधीपासून चोथ्याचं खाणं बंद. पालेभाजी नाही, पेरू नाही, बिया असलेलं टोमॅटो-वांगं नाही, तीळ नाही, अख्खी कडधान्यं नाहीत. पांढरा भात, दही, अंडं, मऊ शिजवलेलं चिकन चालतं. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर साधारण आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. रक्त पातळ करणारी किंवा साखरेची औषधं मात्र मनाने बंद करायची नाहीत, त्याबद्दल डॉक्टरांना आधी विचारायचं. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि आरपार दिसणारं: गाळलेली यखनी, नारळपाणी, बिनदुधाचा चहा, लिंबूपाणी. आमच्या खाला प्रेमाने रूह अफजाची बाटली घेऊन आल्या होत्या. ती परत पाठवावी लागली. लाल किंवा जांभळ्या रंगाचं काही पिऊ नये, कारण आत तो रंग रक्तासारखा दिसतो.

मग ती पावडर. दोन लिटर पाण्यात कालवायची आणि दर पंधरा मिनिटांनी एक ग्लास. अर्धी संध्याकाळी, अर्धी पहाटे. अशी विभागून घेतली की आतडं जास्त चांगलं साफ होतं. चव खारट-गुळगुळीत असते. थंड केली, लिंबू पिळलं आणि स्ट्रॉने प्यायली तर उतरते. पहिले दोन ग्लास प्यायल्यावर मला वाटलं, काहीच होत नाही. तासाभराने कळलं.

इथे एक गोष्ट कुठल्याही माहितीपत्रकात नसते. आमच्या घरात सहा माणसं आणि एक संडास आहे. ज्यांच्या चाळीत मजल्याला मिळून एक आहे त्यांनी काय करायचं? मी अम्मी सोडून बाकी सगळ्यांना त्या रात्री खालाकडे पाठवलं. तुम्हाला तसं जमत नसेल तर आधीच डॉक्टरांशी बोला. काही ठिकाणी आदल्या दिवशी दाखल करून घेतात. यात लाजण्यासारखं काही नाही, घर लहान असणं हा गुन्हा नाही. आणि व्हॅसलिन जवळ ठेवा. पुन्हा पुन्हा धुऊन आग होते.

फजरची अजान झाली तेव्हा माझा दुसरा लिटर चालू होता. अम्मी वुजू करून नमाजला उभी राहिली आणि मी धावत संडासात. ती सलाम फेरून म्हणाली, “तेरा वुजू आज अल्लाह ही संभाले.” आम्ही दोघी इतक्या हसलो. अब्बांच्या आजारपणावर त्या घरात आम्ही पहिल्यांदाच हसत होतो, असं मला वाटलं. शेवटी जे पडतं ते पिवळसर पाण्यासारखं आरपार असलं पाहिजे. तपकिरी असेल तर गेल्यागेल्या तिथल्या नर्सला सांगा. लपवलंत तर नुकसान तुमचंच.

रमजानबद्दल मला हटकून विचारतात. ही तयारी रोजा ठेवून होत नाही, कारण पाणी तर प्यायचंच आहे. तातडीची नसेल तर तपासणी ईदनंतरची घ्या. तातडीची असेल तर थांबू नका. आजारी माणसाने सुटलेले रोजे नंतर पूर्ण करावेत ही सवलत कुराणातच आहे. रमजान संपू दे म्हणून रक्तस्राव महिनाभर अंगावर काढणाऱ्या एका बाईंना मी ओळखते. त्यांना तसं करायला कुणी आलिमाने सांगितलं नव्हतं, त्यांनीच ठरवलं होतं.

आता पडद्याचा प्रश्न. मुलींना हीच सर्वात मोठी भीती असते. मला मागच्या बाजूला फट असलेली एक सैल पँट आणि वर गाऊन दिला. अंगावर चादर होती. जेवढं लागतं तेवढंच उघडं. मी आधीच विचारलं होतं की खोलीत एखादी बाई असेल ना, आणि नर्स सगळा वेळ होती. महिला डॉक्टर मागायलाही हरकत नाही, मिळेलच असं नाही. डोक्यावरचा रुमाल काढावा लागेल का, हेही एका मुलीने मला विचारलं होतं. दवाखान्याची टोपी देतात, केस त्यात जातात. हे प्रश्न फालतू नाहीत. फक्त ते आधी विचारायचे, त्यांच्यापायी तपासणी टाळायची नाही.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल मला फार सांगता येणार नाही, कारण मी झोपले होते. डाव्या कुशीवर झोपवलं, गुडघे पोटाशी घ्यायला सांगितले, नाकाला ऑक्सिजनची नळी, हातात सुई. डॉक्टरांनी माझ्या शाळेचं नाव विचारलं आणि मी ते पूर्ण सांगितलं की नाही ते आठवत नाही. जाग आली तेव्हा दुसऱ्या खोलीत होते. सगळीकडे पूर्ण भूल देत नाहीत. काही ठिकाणी नुसती गुंगी आणतात. मग पोटात दाब जाणवतो, मुरडा येतो, वळणावर जास्त. नर्स पोटावर हाताने दाबते, तेव्हा नळी पुढे जाते.

नळी साधारण बोटाएवढी जाड असते. मोठं आतडं सुमारे दीड मीटर लांब. ती पार शेवटापर्यंत, जिथे अपेंडिक्सचं तोंड दिसतं तिथपर्यंत नेतात आणि खरी पाहणी मागे येताना सावकाश करतात. सगळं मिळून अर्धा तास वगैरे. वाटेत मस्सा, म्हणजे पॉलिप, दिसला तर त्याच नळीतून तारेचा फास टाकून कापून काढतात. ही युक्ती न्यूयॉर्कमध्ये शिन्या आणि वुल्फ या डॉक्टरांनी 1969 साली केली. त्याआधी असल्या मस्स्यासाठी पोट उघडावं लागायचं.

नंतर पोटात हवा भरलेली असते. ती बाहेर पडली पाहिजे. नर्स मोठ्याने सांगत होती, “गॅस सोडा, लाजू नका,” आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबा अगदी आज्ञाधारक होते. सोबत कुणीतरी हवंच. त्या दिवशी स्कूटर चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही. आतड्याला भोक पडणं हा धोका खरा आहे, पण तो क्वचित घडतो. मस्सा काढला असेल तर काही दिवसांनीही रक्त येऊ शकतं. पोटात जोराची कळ, ताप किंवा जास्त रक्त असं काही झालं तर घरी थांबायचं नाही, परत जायचं.

माझ्यात एक मस्सा सापडला, बारा मिलिमीटरचा. मला काही म्हणजे काही होत नव्हतं. रक्त नाही, दुखणं नाही. आठवड्याने रिपोर्ट आला, त्यावर अडिनोमा असं लिहिलं होतं. तो कॅन्सर नव्हे. पण बहुतेक कॅन्सर अशाच मस्स्यातून होतात आणि त्याला सहसा दहाएक वर्षं लागतात. अब्बांच्या आतही कधीतरी असाच एक बारा मिलिमीटरचा असणार. मला आता तीन वर्षांनी पुन्हा जायचं आहे.

तुम्ही विशी-तिशीतले आहात. तुम्हाला वाटेल, हे म्हाताऱ्यांचं आहे. ‘ब्लॅक पँथर’मधला चॅडविक बोजमन त्रेचाळीसाव्या वर्षी, 2020 मध्ये, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला. रक्त पडलं म्हणजे कॅन्सरच, असं अजिबात नाही. तुमच्या वयात ते बहुतेक वेळा मूळव्याध किंवा चिरच असते. कधी आतड्याला सूज असते, आपल्या देशात कधी आतड्याचा टीबीही निघतो. पण ते कोण ठरवणार? पुडीवाला नाही आणि आपणही नाही. रक्त पुन्हा पुन्हा येत असेल, शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल, वजन आपोआप उतरत असेल, पुरुष असून हिमोग्लोबिन कमी आलं असेल, तर डॉक्टरकडे जा आणि “बोटाने तपासा” असं तुम्ही स्वतः म्हणा. कोलोनोस्कोपीची गरज आहे का ते ते सांगतील. खासगीत काही हजार जातात. सरकारी मेडिकल कॉलेजात खूप कमी, पण तारखेसाठी थांबावं लागतं.

एक शेवटचं, आणि हे सांगायची मी परवानगी घेतली आहे. माझा धाकटा भाऊ चौतीस वर्षांचा आहे. माझा रिपोर्ट मी जेवताना सगळ्यांना वाचून दाखवला, अम्मी “जेवताना नको” म्हणत असतानाच. त्या रात्री तो गच्चीवर आला आणि म्हणाला, “आपा, मेरेकू भी पड़ रा. चार महिने हुए.” मी विचारलं, कुणाला सांगितलंस? तो म्हणाला, “तेरेकूच.” बायकोलाही नाही. डॉक्टरांनी त्याला बोटाने तपासलं, मूळव्याध दिसते म्हणाले, पण अब्बांचं ऐकल्यावर पूर्ण तपासणी करून घ्या म्हणाले.

येत्या गुरुवारी त्याची तारीख आहे. पावडर आणून ठेवली आहे. बुधवारी रात्री बाकी सगळे पुन्हा खालाकडे जाणार आहेत, आणि यावेळी रूह अफजा आणू नका असं त्यांना आधीच कळवलं आहे.