बँजोची तारपट्टी

मिरवणुकीतला आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. त्याचे मूळ जपानी ‘ताइशोगोतो’त, ते १९१२ मध्ये नागोयाच्या गोरो मोरिता यांनी बनवले. अमेरिकन बँजो वेगळा, गोल, कातडे ताणलेला. त्याची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी राहते. तारा शेवटी जिथे अडकतात ती धातूची पट्टी जुन्या वाद्यांत नाना तऱ्हेची असते. कुठे साधे आकडे, कुठे दाब बदलायचे स्क्रू. दाब वाढला की आवाज धारदार, कमी झाला की मऊ. म्हणून एक विनंती. धरमपेठेत कुणाच्या माळ्यावर जुना बँजो निघालाच, तर दुरुस्तीत ती गंजलेली पट्टी फेकू नका. नवी बसवली तरी जुनी पेटीतच ठेवा. वाद्याचा मूळ आवाज शोधताना ती कामी येईल.