स्थिर सरकार की जबाबदार सरकार?

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवडणूक आली की वस्तीत येणारा प्रत्येक पुढारी सांगतो, "आम्हाला स्थिर सरकार द्या." सरकार टिकावं असं आपल्यालाही वाटतं. सरकार पडलं की कामं अडतात, आणि पहिली अडतात ती गरिबाची. पण सरकार किती वर्षं टिकलं एवढ्यावरून देश चांगला की वाईट ठरवायचा काय? दोन-चार देश ताडून पाहू या.

आधी ब्रह्मदेश घ्या. १९५४ साली बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेला रंगूनला गेले, तोच हा देश. तिथे १९६२ साली जनरल ने विन यांनी लष्कराच्या बळावर सत्ता घेतली, ती १९८८ पर्यंत सोडली नाही. २६ वर्षं एकच माणूस! याहून स्थिर काय असतं? पण तांदळाचं कोठार म्हणून नावाजलेला हा देश १९८७ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या सर्वांत मागास देशांच्या यादीत गेला. १९८८ साली विद्यार्थी, भिक्खू, कामगार रस्त्यावर उतरले, तेव्हा लष्कराने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. जाब विचारायची सोयच नव्हती, म्हणून ते राज्य टिकलं.

आता इटली. १९४६ साली तिथली राजेशाही गेली. तेव्हापासून साठाहून जास्त मंत्रिमंडळं आली नि गेली. तरी तो देश बुडाला नाही, उलट मोठा औद्योगिक देश झाला. मंत्रिमंडळ पडे, पण राज्यघटना आणि निवडणुका जागच्या जागी राहत.

मग सरकारं खुशाल पडू द्यावीत का? तसंही नाही. जर्मनीत १९१९ ते १९३३ या १४ वर्षांत वीसेक मंत्रिमंडळं झाली. त्यात बेकारी वाढली, लोक कंटाळले आणि हिटलरला वाट मिळाली. त्यातून शहाणे होऊन पश्चिम जर्मनीने १९४९ च्या घटनेत कलम घातलं, की संसदेने आधी नवा चॅन्सेलर बहुमताने निवडावा, तरच अविश्वासाने जुना जाईल. म्हणजे पाडणाऱ्यावरच उभं करण्याची जबाबदारी! अशा रीतीने सरकार बदललं ते एकदाच, १९८२ साली.

आमच्या बाबासाहेबांनी हा विचार त्याच्याही आधी मांडला होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे मसुदा ठेवताना त्यांनी सांगितलं, की लोकशाही सरकार स्थिर हवं आणि जबाबदारही हवं. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारी जास्त, कारण तिथे सरकारला सभागृहात रोज उत्तर द्यावं लागतं. दोन्ही सारख्याच मापात देणारी पद्धत सापडलेली नाही, म्हणून मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं.

आम्ही साचेखात्यातली माणसं, आम्हाला हे चटकन कळतं. धागा तुटला की चांगला साचा आपोआप थांबतो. तुटल्या धाग्यावर धडधडत राहणारा साचा कापडाची वाट लावतो. १९७७ साली आणीबाणी लादणारं सरकार मतदारांनी मतपेटीतून घालवलं. १९९९ साली दिल्लीचं सरकार एका मताने पडलं, पण लष्कर आलं नाही, निवडणूक झाली. हे बळ घटनेचं आहे.

तथागतांनीही वज्जींच्या गणराज्याबद्दल आनंदाला विचारलं, ते काय? वज्जी वारंवार एकत्र जमतात का, एकोप्याने बसतात-उठतात का, वडीलधाऱ्यांचं ऐकतात का, बायका-मुलींवर जबरदस्ती तर करत नाहीत ना. त्यांचा प्रमुख किती वर्षं गादीवर आहे, हे विचारलं नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, पुढच्या वेळी कुणी स्थैर्याच्या नावाने मत मागायला आला, तर त्याला बसवा, चहा द्या आणि विचारा: "मागच्या पाच वर्षांत आमच्या किती प्रश्नांना उत्तर दिलंत?" आणि आपल्या विहाराचा जमाखर्चही दरसाल सभेत वाचला गेला पाहिजे. ही सवय घरापासूनच लागते.

एवढं बोलून आम्ही आपली रजा घेतो. जय भीम! नमो बुद्धाय!