श्रद्धा व संशय : नाताळच्या कथेतून काही बोध

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त आगमनकाळात दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगी देवाचे उपकार आठवावे, वाडवडिलांचे ऋण मानावे व पुढील वाटचालीसाठी कृपा मागावी, अशी आपली रीत आहे. ह्या तिन्ही गोष्टी आपण मिस्साबलिदानात केल्या आहेत. म्हणून आज आम्ही अशा विषयास हात घालतो की, जो उत्सवात सहसा कोणी काढीत नाही, परंतु जो ह्या मंदिरात बसलेल्या पुष्कळांच्या मनात आहे. तो विषय म्हणजे संशय होय.

आपण येथे कसे आलो हे प्रथम ध्यानात घेऊ. 1954 साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. पुढे मोटारींचे व यंत्रसामग्रीचे कारखाने पिंपरी, आकुर्डी, भोसरी येथे आले आणि कालांतराने ती रांग चाकणपर्यंत जाऊन भिडली. कामाच्या शोधात अहमदनगर जिल्ह्यातून, ज्यास आज अहिल्यानगर म्हणतात, आपली कितीतरी कुटुंबे आली. कोणी वसईहून आले, कोणी गोव्याहून, कोणी दक्षिणेकडून. गावी श्रद्धा ही एकट्याने वाहावयाची वस्तू नव्हती. मंदिराची घंटा होती, धर्मशिक्षक मास्तर होते, संध्याकाळी रोझरी म्हणणारी आजी होती. एकाचा पाय घसरला तर दहा हात सावरावयास असत. येथे भाड्याच्या खोलीत, रात्रपाळी करून परतलेल्या, रविवारीही कामावर बोलाविलेल्या मनुष्याची श्रद्धा एकटी पडते. एकटी पडलेली श्रद्धा प्रश्न विचारू लागते, आणि तो प्रश्न कोणास सांगावा हे न कळल्यामुळे मनुष्य हळूहळू मंदिरात येणे सोडतो. जो भांडून जातो तो कधीतरी परत येतो. जो संकोचाने जातो तो पुष्कळदा येत नाही. ह्या दुसऱ्या मनुष्यासाठी आजचे हे व्याख्यान आहे.

नाताळची कथा म्हणजे केवळ तारे, गाणी व गव्हाण, असा आपला समज असतो. परंतु शुभवर्तमान उघडून पाहिले तर ही कथा संशयापासूनच आरंभ पावते असे दिसेल. संत लूक पहिला प्रसंग सांगतो तो जखऱ्याचा. तो याजक, मंदिरात धूप जाळीत उभा, वृद्ध व नीतिमान. देवदूत त्यास पुत्र होईल असे सांगतो, आणि हा धर्मसेवक आपले वय पुढे करून खात्री मागतो. त्यानंतर तोच देवदूत नाझरेथास पवित्र मरियेकडे जातो, आणि तीही प्रश्न विचारते. मग जखऱ्या मुका का झाला, व मरियेस उत्तर का मिळाले? एकास शिक्षा व दुसरीस कृपा, हा पक्षपात तर नव्हे?

दोन्ही प्रश्न शेजारी ठेवून पाहा, म्हणजे भेद कळेल. हे मी कशावरून खरे मानू, असा जखऱ्याच्या प्रश्नाचा भाव आहे. हे घडावयाचे कसे, असा मरियेच्या प्रश्नाचा. एक पुरावा हाती येईपर्यंत दार लावून घेतो. दुसरी दार उघडे ठेवून विचारते. तथापि जखऱ्याविषयी एक गोष्ट आपण विसरतो. त्याच्या संशयामुळे देवाने आपले वचन मागे घेतले नाही. बालक जन्मास आले, पाटीवर त्याचे नाव लिहिताच जखऱ्याची जीभ मोकळी झाली, आणि तिच्यातून जे स्तोत्र निघाले ते ख्रिस्तसभा आजही आपल्या प्रातःकालीन प्रार्थनेत दररोज म्हणते. सायंकाळी मरियेचे स्तोत्र, रात्री वृद्ध शिमोनाचे, आणि सकाळी, दिवसाच्या आरंभी, संशय घेतलेल्या मनुष्याचे! आम्ही धर्मगुरू रोज पहाटे ते म्हणतो, तेव्हा देव संशयी मनुष्यास टाकून देत नाही, ह्याची आम्हांस आठवण होते.

आता संत योसेफाकडे वळू. आजचे तरुण आम्हांस विचारतात की, कारखान्यात मापाविना एकही नग पुढे जात नाही, मग कुमारीच्या उदरी बाळ जन्मास आले हे आम्ही कोणत्या मापाने घ्यावे? हा प्रश्न उर्मटपणाचा नव्हे. किंबहुना तो सर्वांआधी ज्यास पडला तो योसेफच होय. मुले कशी होतात हे त्या सुतारास पुरते ठाऊक होते. म्हणूनच वाग्दत्त वधू गर्भवती आहे असे कळताच त्याचे मन मोडले. संत मत्तयाने ही गोष्ट झाकली नाही, आपल्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात घातली. परंतु योसेफाने त्या संशयाचे काय केले ते पाहा. त्याने तो चव्हाट्यावर नेला नाही. मरियेची अब्रू जाऊ नये म्हणून गुपचूप दूर होण्याचे मनात आणले, आणि तेवढे करण्यापूर्वीही तो विचार करीत थांबला. त्या थांबण्यातच त्यास देवदूताची वाणी ऐकू आली. बंधूंनो, आपल्या चाळीत व वस्तीत एखाद्या स्त्रीविषयी नुसती कुजबूज उठली तर संध्याकाळपर्यंत तिच्या संसाराचे काय होते, हे आम्ही पाहिले आहे. संशय येणे मनुष्याच्या हाती नसेल. परंतु त्या संशयाने दुसऱ्यास जाळावे की नाही, हे मात्र त्याच्या हाती असते. 1955 साली परमगुरुस्वामी बारावे पायस ह्यांनी 1 मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून ठरविला. ह्या कामगारवस्तीने तो सण पाळताना योसेफाच्या हातांबरोबर त्याचे मौनही आठवावे.

मापाच्या प्रश्नाचेही उत्तर देऊ. ज्या गेजने नग तपासावयाचा, ते गेजसुद्धा दुसऱ्या अधिक अचूक प्रमाणाशी ताडून घेतलेले असते. यंत्रावर उभा असलेला कामगार ते मूळ प्रमाण स्वतः सिद्ध करीत बसत नाही. ज्यांनी ते ठरविले त्यांच्यावर विश्वास ठेवून तो काम करितो. म्हणजे मोजमापाच्या मुळाशीही विश्वास आहेच. मात्र तो आंधळा नव्हे. मरियेचा विश्वासही आंधळा नव्हता. देवदूताने तिला एलिझाबेथेची खूण सांगितली, आणि ती त्वरेने डोंगराळ प्रदेशाची वाट चालू लागली. देवाचा शब्द चालून पाहावा लागतो. घरी बसून त्याची परीक्षा होत नाही.

हाच भेद मेंढपाळ व शास्त्री ह्यांच्यात दिसतो. मेंढपाळ हे रात्रपाळीचे लोक. त्यांचे शिक्षण बेताचे, समाजात मान थोडा. त्यांनी वार्ता ऐकली आणि जाऊन पाहू असे एकमेकांस म्हटले. उलट यरुशलेमातील शास्त्र्यांस मीखा संदेष्ट्याचे वचन तोंडपाठ होते. ख्रिस्त कोठे जन्मावयाचा, असे हेरोदाने विचारताच त्यांनी गावाचे नाव सांगितले. बेथलेहेम तेथून अवघे तीन कोस. परंतु त्यांपैकी कोणी तिकडे गेल्याचे शुभवर्तमानात नाही. दूर देशाहून आलेल्या मागी लोकांना वाट पुरती ठाऊक नव्हती, ती विचारावी लागली. तरी ते पोहोचले. ह्यावरून आम्हांस असे दिसते की, श्रद्धेचा खरा शत्रू प्रश्न नव्हे. उत्तर ठाऊक असून जागचे न हलणे, हा तिचा शत्रू होय. आणि हेरोदाचे भय हा दुसरा. कारण त्याने वार्ता खोटी मानली नाही, ती खरी असेल म्हणूनच तो तलवार घेऊन उठला.

येथे कथेतील सर्वांत कठीण जागा येते. बेथलेहेमात बालकांची हत्या झाली. एक बालक मिसर देशी वाचले, बाकीच्यांच्या आयांनी काय म्हणावे? ज्या घरातून मूल गेले, ज्या तरुणाची बोटे प्रेसखाली तुटली, ज्याचे कंत्राट संपले व चुलीवर काही नाही, तो आम्हांस हेच विचारतो. संत मत्तयाने येथे एकही समाधानाचे वाक्य लिहिले नाही. त्याने यिर्मयाच्या ग्रंथातील राहेलीचे रडणे तेवढे आठविले. आणि ती सांत्वन घेत नाही, हेही त्याने राहू दिले. शोकाकुल मनुष्यास उत्तरे देण्याची घाई पवित्र शास्त्रालाही नाही. मग ती आपण का करावी? त्याच्या शेजारी बसावे, हेच त्या वेळचे धर्मशिक्षण.

मराठी भाषेत ही कथा प्रथम विस्ताराने सांगणाऱ्या पुरुषाचेही येथे स्मरण करू. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून निघून 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यास पोहोचले व 1619 साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिले. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली रायतूर येथे छापले गेले. ओव्या सुमारे 11,000. ते साष्टीतील नवख्रिस्ती लोकांसाठी होते. त्या लोकांची देवळे पाडली गेली होती. 1583 साली कुंकळ्ळीस रक्तपात झाला, त्यात पाच येशूसंघीयही मारले गेले. राजसत्तेच्या छायेत स्वीकारलेल्या धर्मात मनाच्या तळाशी प्रश्न उरणारच, हे आज आपण प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. स्टीफन्स ह्यांनी त्या प्रश्नांस बंदी केली नाही. त्यांस ग्रंथातच जागा दिली. श्रोते मध्येच शंका काढतात, गुरू उत्तर देतो व कथा पुढे चालते. 1956 साली शांताराम बंडेलू ह्यांनी हा ग्रंथ पुण्यात देवनागरीत छापून आणला, तेव्हा तो आपल्या वाचकांस सुलभ झाला. आपल्या भाषेतील ख्रिस्ती वाङ्मयाच्या आरंभीच श्रोत्याची शंका आदराने ऐकलेली आहे, ही आपल्यास अभिमानाची गोष्ट होय.

संतांसही हा अनुभव चुकला नाही. लिझ्यची संत तेरेझा हिला 1886 सालच्या नाताळच्या रात्री मोठी कृपा लाभली, असे ती स्वतः सांगते. परंतु 1896 सालच्या पास्कासणापासून 30 सप्टेंबर 1897 रोजी मृत्यू येईपर्यंत स्वर्ग आहे की नाही, अशा अंधारात तिचे मन राहिले. त्या अंधारात तिने प्रार्थना सोडली नाही, आणि तरीही, किंबहुना त्यामुळेच, ख्रिस्तसभेने तिला संत म्हटले. 1992 साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथही हाच विवेक करितो. सत्य जाणूनबुजून झिडकारणे वेगळे, आणि मनाविरुद्ध येणारी चलबिचल वेगळी. पहिल्यात पाप आहे. दुसरी पोसली तर आत्म्यास आंधळे करू शकते, म्हणून ती लपवू नये. तिला उजेडात आणावे.

म्हणून ह्या महोत्सवी वर्षात आम्ही तीन विनंत्या करितो. आईबापांनो, प्रश्न विचारणाऱ्या मुलास पाखंडी म्हणू नका. उत्तर ठाऊक नसेल तर त्यास घेऊन आमच्याकडे या, आपण मिळून शोधू. तरुणांनो, संशय आला म्हणून मिस्सा सोडू नका. मेंढपाळांनी आधी सर्व समजून घेतले व मग ते निघाले, असे घडले नाही. आणि जे आज ह्या मंदिरात नाहीत, परंतु ज्यांच्या हाती ही स्मरणिका पडेल, त्यांस आम्ही सांगतो की, तुमचा प्रश्न आहे तसाच घेऊन या. दिवसपाळी असो की रात्रपाळी, आमचे दार उघडे आहे.

पवित्र मरियेस सर्व काही उमगले, असे संत लूक म्हणत नाही. बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला तेव्हाही त्याचे बोलणे आईबापांस कळले नाही, असेच तो लिहितो. न कळलेले तिने अंतःकरणात जपून ठेविले आणि ती वधस्तंभापर्यंत त्याच्याबरोबर चालली. तेवढी कृपा देवाने आपणां सर्वांस द्यावी. सर्वसमर्थ देव पिता, पुत्र व पवित्र आत्मा तुम्हांस, तुमच्या घरांस व तुमच्या हातच्या कामास आशीर्वाद देवो. आमेन.