सोसणं पुरे, वाटून घेऊ

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा गोषवारा)

आमच्या वस्तीत एक बाई आहेत. नाव सांगत नाही. नवऱ्याला अर्धांगवायू होऊन तीन वर्षं झाली. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदला, असं डॉक्टरांनी सांगितलं. खाटेजवळ धाकटा दीर होता, विशीतला मुलगा होता. पण डॉक्टरांनी पाहिलं ते बाईंकडेच. तेव्हापासून त्यांना सलग झोप नाही. घरात सगळे म्हणतात, "वहिनी किती सोसते!" त्या मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "ताई, कौतुक नको. एक रात्र झोपू द्या."

समाजकार्याचं शिक्षण घेताना मी शिकले होते की, शुश्रूषा करणाऱ्याचं मनोबल वाढवावं. दीर्घ श्वास, मन मोकळं करणं. त्याचा उपयोग होतो. पण मी हे समजावत होते तेव्हा बाई ऐकता ऐकता भिंतीला टेकून झोपी गेल्या! दमलेल्या बाईला 'खंबीर हो' म्हणणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक हंडा चढवणं, हे तेव्हा मला कळलं.

हे एका घरापुरतं नाही. २०२४ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, पुरुष २१.४ टक्के. या बायकांची त्यात दिवसाला १४० मिनिटं जातात, पुरुषांची ७४. धुणीभांडी, स्वयंपाक वेगळाच. सासूसासऱ्यांचं करतानाही हेच. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा पाहा. त्यात अपत्य म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्या यादीत नाही! पण घरात पहिली हाक तिलाच.

मग आम्ही काय केलं? एका कागदावर चोवीस तासांचे रकाने आखले आणि कोण काय करतं ते घरातल्या सगळ्यांसमोर लिहिलं. सगळीकडे एकच नाव आलं. मुलगा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिला. रात्री दहा ते चार त्याची पाळी ठरली. रुग्णाच्या पाठीखाली जाड चादर दुमडून घालायची, दोघांनी दोन बाजूंनी धरून सरकवायचं, हे दीर-पुतण्यांना शिकवलं. बाईंची कंबर वाचली.

पहिल्या रात्री मुलाला जाग आली नाही, बाईच उठल्या. "माझ्यासारखं कोणाला जमणार?" हेही त्याच म्हणाल्या. अपराधीपणा आपल्यात असा मुरलेला असतो. मग शेजारणीने त्यांना आठ दिवस आपल्या घरी झोपायला नेलं. मुलाचा हात बसला. दीर मात्र अजून रविवार चुकवतो. भांडण चालू आहे.

तग धरायला बळ लागतं, पण ते एकटीच्या मनातून येत नाही. झोपेतून येतं, वाटलेल्या कामातून येतं, शेजारणीच्या दारातून येतं.

तेव्हा पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घरचा तो कागद भरून आणा. आणि ज्या मैत्रिणीला घरी आजारपण असल्यामुळे बैठकीला येता येत नाही, तिच्याकडे दोघींनी जा. एकीने दोन तास रुग्णाजवळ बसा. दुसरीने तिला घराबाहेर काढा.