पाहुणे येण्याआधी



 विज्ञान लिहिणाऱ्यांच्या या संमेलनाच्या अध्यक्षानं वर्षभरातल्या लेखनाचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज एकाच विषयावर बोलणार आहे. विद्यापीठाच्या आवारात अणुभट्टी असते, तेव्हा तिच्या शेजारी शिकणाऱ्या-राहणाऱ्या माणसानं काय विचारावं आणि त्याला उत्तर कोणी द्यावं?

आपली पहिली संशोधन-भट्टी ‘अप्सरा’ 4 ऑगस्ट 1956 रोजी तुर्भ्याला सुरू झाली. मग सायरस, ध्रुव. या सगळ्या अणुऊर्जा विभागाच्या कुंपणाआड. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी मात्र वर्गखोल्यांना लागून भट्ट्या उभारल्या. लॉस एंजेलिसमध्ये यूसीएलए या विद्यापीठाच्या अभियांत्रिकी इमारतीत 1960 पासून अशी एक भट्टी चालत होती. शक्ती 100 किलोवॅट.

हा आकडा आपण वाचकाला उलगडून सांगत नाही. ‘अणुभट्टी’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे धगधगणारी भट्टी येते, कारण शब्दच आपण तसा निवडला. तारापूरच्या 540 मेगावॅटच्या एका संचात जितकी उष्णता तयार होते, तिचा दहा हजारावा भागही या भट्टीत होत नाही. फुकुशिमानं आपल्याला शिकवलं की भट्टी बंद केल्यावरही इंधन तापत राहतं. ते खरं आहे. पण 100 किलोवॅटची भट्टी बंद केल्या क्षणी उरणारी उष्णता फार तर सातेक किलोवॅट, म्हणजे घरातले तीन-चार गीझर. दुसऱ्या दिवशी ती कपड्यांच्या इस्त्रीइतकीही राहत नाही. शहर उद्ध्वस्त होईल, असं या भट्टीबद्दल जो लिहितो तो वाचकाची फसवणूक करतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग प्रश्नच नव्हता का? होता, आणि तो विचारणाऱ्यांना मी मानतो. परवान्याच्या नूतनीकरणाची वेळ आली, तेव्हा डॅनियल हर्श आणि त्यांच्या ‘कमिटी टू ब्रिज द गॅप’ या गटानं सुनावणीत हस्तक्षेप केला. भट्टीतल्या हवेपासून आरगॉन-41 हा किरणोत्सारी वायू तयार होतो. त्याचं अर्धायुष्य दोन तासांहूनही थोडं कमी, म्हणून तो सोडून दिला तरी चालतो असा हिशेब. पण शेजारच्या इमारतीत हवा आत ओढणारी तोंडं कुठे आहेत, हे कोणी पाहिलं होतं का? दुसरा प्रश्न भट्टीतल्या ग्रॅफाइटचा. 1957 साली इंग्लंडमध्ये विंडस्केलला आग लागली होती, तशी इथे लागेल का? ही तुलना मला ओढूनताणून केलेली वाटते, कारण विंडस्केलची भट्टी कितीतरी पटींनी मोठी होती. तिसरा प्रश्न मात्र वर्मावर बोट ठेवणारा होता. इंधनातलं युरेनियम 90 टक्क्यांहून अधिक समृद्ध होतं, म्हणजे बॉम्बच्या कामाचं. आणि ते कुठे होतं? जिथे कोणीही पुस्तकं घेऊन ये-जा करतो, अशा इमारतीत.

तेव्हा धोका भट्टी फुटण्यात नव्हता, दाराच्या कुलपात होता. हा फरक बातमीत क्वचितच येतो.

1984 साली विद्यापीठानं परवान्याचा अर्ज मागे घेतला आणि भट्टी कायमची थांबवली. त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला ऑलिंपिक होतं आणि खेळाडूंची एक वसाहत याच आवारात होती. बारा वर्षांनी अटलांटात ऑलिंपिक भरलं. तिथे जॉर्जिया टेकच्या आवारात 5 मेगावॅटची भट्टी होती आणि खेळाडूंची वसाहतही. 1996 च्या आरंभी तिचं इंधन काढून नेलं. पुढे ती पुन्हा सुरूच झाली नाही.

पाहुणे येणार म्हटल्यावर आपण घर आवरतो, अडगळीची खोली बंद करतो. त्यात वावगं काही नाही. पण अटलांटातली गोष्ट वाचताना मला राहवत नाही. दोन आठवड्यांच्या पाहुण्यांसाठी जे इंधन हलवावंसं वाटलं, ते तीस वर्षं त्याच आवारात शिकणाऱ्या मुलांसाठी का वाटलं नाही? नियम बदलत होते, हे नोंदवायला हवं. शक्य तिथे कमी समृद्ध इंधनाकडे वळावं, असा नियम अमेरिकेच्या नियामकानं 1986 साली केला आणि बऱ्याच विद्यापीठांनी तो अमलात आणला. आणि भट्ट्या बंद करा, असंही मी म्हणत नाही. मिसुरी विद्यापीठाच्या 10 मेगावॅटच्या भट्टीतून कर्करोगाच्या उपचारासाठी ल्युटेशियम-177 मिळतं. ते ज्याच्या घरी पोचलंय, त्याला विचारा.

आता आपल्या घराकडे येतो. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात 1968 पासून एक गॅमा किरणन यंत्र होतं, आत किरणोत्सारी कोबाल्ट-60. 1985 नंतर ते वापरात नव्हतं. फेब्रुवारी 2010 मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकलं गेलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते फोडलं. आतल्या वस्तूचे अकरा तुकडे झाले. त्यांतला सर्वांत लहान तुकडा एकानं पैशांच्या पाकिटात ठेवला. आठ माणसं रुग्णालयात गेली, एक वारला.

कोबाल्ट-60 चं अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचं. म्हणजे 1985 साली त्या यंत्रात जेवढी ताकद होती, तिचा सुमारे सत्ताविसावा भाग 2010 साली उरला होता. तेवढ्यानं एक माणूस मारला. भट्टीला पहारा असतो, नोंदवही असते, भीती असते, त्या भीतीमुळे प्रश्न विचारणारी माणसं असतात. कोपऱ्यातल्या त्या यंत्राची कोणाला भीतीच वाटली नाही. पंचवीस वर्षांत त्या खोलीसाठी कोणी पाहुणा आला नाही.

‘धोका नाही’ असं पत्रक हाती आलं की आपण ते छापतो, आणि कोणी ‘महाभयंकर’ म्हटलं की तेही छापतो. मधलं विचारत नाही. या प्रयोगशाळेत किरणोत्सारी काय काय आहे? त्याची नोंद कोणाकडे आहे आणि ती शेवटची कधी तपासली? ज्यानं ती ठेवली तो निवृत्त झाल्यावर किल्ली कोणाकडे गेली? जुना स्रोत परत घ्यायचं कोणी कबूल केलंय? हे विचारायला अणुभौतिकी शिकलेलं असावं लागत नाही.

उद्या सकाळच्या सत्रात आपण अशा प्रश्नांचा मसुदा करायला बसणार आहोत. आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला तो मराठीत पाठवू आणि उत्तरं आपापल्या पत्रांत छापू. लहान गावांतून आलेल्या प्राध्यापक मंडळींना विनंती आहे, सुरुवात तुम्ही करा. तुमच्या विभागातल्या बंद कपाटांबद्दल तुम्हाला जे ठाऊक आहे, ते इथे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही.