विंचू उतरला, हे कुणी ठरवायचं?

 

आज विंचूकाट्यावर बोलायचं आहे. रोहिणीचा पहिला पाऊस पडला, भुई वाफाळली की आपल्या गटांच्या बैठकीत हा विषय निघतोच. हप्त्याचा हिशेब बाजूला राहतो आणि कुणाच्या घरी काय निघालं ते सुरू होतं. वैराग भागात गेलं की गोवऱ्यांच्या ढिगात इंगळी निघाली म्हणतात, पांगरीकडं गेलं की माळवदातनं विंचू अंथरुणावर पडला म्हणतात. आणि शेवटी कुणीतरी म्हणतंच, "काही होत नाही ओ ताई, आमच्याकडं एक जण उतरवतोय की!"

ह्या 'उतरवतोय' वरच मला बोलायचं आहे. पण आधी विंचू ओळखायला शिकू, कारण सगळे विंचू सारखे नसतात.

आपल्याकडं दोन तऱ्हेचे विंचू दिसतात. एक मोठा, काळा, जाडजूड नांग्यांचा. त्यालाच आपण इंगळी म्हणतो. बघूनच धडकी भरते, चावल्यावर कळही जबर लागते, पण सहसा तो जिवावर उठत नाही. दुसरा लाल विंचू. तांबूस-पिवळट, बोटभर लांबीचा. ह्याच्या नांग्या बारीक, नाजूक असतात आणि शेपूट मात्र जाड. अवतार किरकोळ, म्हणून बाया चपलेनं चिरडतात आणि विसरतात. पण माणूस मारतो तो हाच. नांगी बारीक आणि शेपूट जाड दिसलं की घाबरायचं, एवढी खूण ध्यानात ठेवा. मात्र ओळख पटवायला म्हणून अंधारात त्याला शोधत बसू नका. विंचू सापडो न सापडो, दवाखान्यात जायचं असतं ते माणसाकडं बघून.

आता उतरवण्याचं. कुणी मंत्र घालतं, कुणी आघाडा बांधतं, कुणी चिंचोका उगाळून डंखावर चिकटवतं. चिकटलेला चिंचोका गळून पडला की विष ओढून घेतलं म्हणायचं. बरं, माणसं बरी झालेली आपण डोळ्यांनी बघितलेली असतात. खोटं कसं म्हणायचं? खोटं नाहीच ते. काळा विंचू चावलेला माणूस चिंचोका लावला तरी बरा होतो आणि न लावला तरी बरा होतो. कळ आपोआप काही तासांत ओसरते. श्रेय मात्र उतरवणाऱ्याला जातं.

आणि लाल विंचवाचं गणित तर उलटंच आहे. हे नीट ऐका. लाल विंचू चावल्यावर ज्याला डंखाच्या जागी भयंकर कळा येतात आणि बाकी काहीच होत नाही, त्याचा धोका बहुतेक वेळा कमी असतो. ज्याच्या अंगात विष भिनतं, त्याची कळ कमी वाटू शकते. त्याला दरदरून घाम सुटतो. उलट्या होतात. हातपाय बर्फासारखे गार पडतात. तोंडाला लाळ सुटते. मुलगा असेल तर त्याची लघवीची जागा ताठ होते. ही खूण सांगायला बाया लाजतात, पण डॉक्टरांच्या लेखी ती फार मोलाची आहे, तेव्हा लाजायचं नाही. पुढं छाती धडधडते, दम लागतो, खोकला येतो. विषामुळं अंगातली रसायनं एकदम उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसात पाणी साठतं. हे सगळं काही तासांत घडतं. म्हणजे कळ थांबली, लेकरू गप झालं, "उतरला बघ" असं घरात म्हणतात, नेमकी तीच वेळ जायची असते.

आमच्या एका गटातल्या बाईचं सांगते. तिचा मुलगा सहा वर्षांचा. दिवेलागणीला चप्पल घालायला गेला आणि डंख बसला. आजीनं चिंचोका लावला, गावातल्या माणसानं उतरवला. तासाभरानं पोरगं रडायचं थांबलं. आजी म्हणाली, झोपू दे त्याला. आईनं पांघरूण घालायला हात लावला तर सदरा ओलाचिंब. ती म्हणाली, "आत्या, ह्याचे पाय गार पडल्यात बघा." सासू म्हणाली, "घाम आला म्हणजे विष बाहेर पडलं." शेजारीण गटातलीच, तिनं बैठकीत घामाचं ऐकलेलं. तिनं कुणाला विचारलं नाही, आपल्या मालकाला गाडी काढायला लावली. पोराला मधे धरून बार्शीला आणलं. दोन रात्री दवाखान्यात काढून मुलगा घरी आला. सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांनी आयुष्यभर जे बघितलं तेच त्या बोलल्या.

दवाखान्यात काय करतात, हेही कळायला हवं, नाहीतर "तिथं तरी काय करणार" असं म्हणून माणसं घरी थांबतात. त्याची गोष्ट आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातले, गरीब शेतकरी घरातले. १९७६ च्या सुमारास ते रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. कोकणात लाल विंचू फार. धडधाकट माणसं, पोरं डोळ्यांदेखत जायची आणि डॉक्टरांच्या हाती नेमका उपाय नव्हता. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून घाम कधी येतो, रक्तदाब कधी चढतो, पाणी कधी साठतं, ते लिहून ठेवलं. मग रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी विंचवाच्या रुग्णांना देऊन बघितली. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते आणि हृदयावरचं ओझं उतरवते. १९८६ साली हे काम 'लॅन्सेट' ह्या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात छापून आलं. पूर्वी विष भिनलेल्या शंभर जणांतले तीस-चाळीस दगावायचे, ते प्रमाण एक-दोनवर आलं. पुढं मुंबईच्या हाफकिनमध्ये लाल विंचवावरची लस तयार झाली. ती लस आणि गोळी दोन्ही दिली तर काय होतं, हे बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी ७० रुग्णांवर तपासून २०११ साली मांडलं. नुसत्या गोळीवर बरं व्हायला सरासरी अठरा तासांच्या आसपास लागत होते, दोन्हींवर आठ तास. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. सरकारी दवाखान्यात बसून, आपल्यासारख्यांच्या दुखण्याचा उपाय शोधणारा माणूस आहे हा. मला त्याचं फार अप्रूप वाटतं.

गोळी स्वस्त आहे म्हणून घरात आणून ठेवू मात्र नका. तिनं रक्तदाब एकदम खाली येतो, उठून उभं राहिलं की माणूस कोसळतो. ती डॉक्टरांसमोर, आडवं निजवूनच द्यायची गोळी आहे.

सापाचं आज थोडक्यातच सांगते, पण मण्यार सोडून चालणार नाही. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. मण्यार आवाज करत नाही. काळी, अंगावर बारीक पांढरे पट्टे, रात्री घरात येते आणि भुईवर झोपलेल्या माणसाला चावते. दात इतके बारीक की मुंगी चावल्यासारखं वाटतं, कधी जागही येत नाही. पहाटे पोट दुखतं, घसा धरतो, पापण्या जड होऊन मिटतात. घरचे म्हणतात पित्त झालं. भुईवर झोपलेल्या माणसाचं पहाटे अचानक पोट दुखलं आणि डोळे मिटायला लागले, तर पान लागलंय असंच धरून चाला. देशात २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत सापानं बारा लाखांच्या आसपास माणसं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातलीच.

साप असो की विंचू, कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढा, सूज आली की ती निघत नाहीत आणि मग हातपाय आवळतात. माणसाला चालवू नका. किती वाजता चावलं ते लक्षात ठेवा. १०८ ला फोन लावा. गाडी यायला उशीर होणार असेल तर मोटारसायकलवर मधे बसवून, मागनं धरून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. लहान लेकरू असेल तर काळा का लाल ह्याचा काथ्याकूटच नको, सरळ न्यायचं.

काही बिचारे उगाच मार खातात, त्यांचंही सांगते. घरातली पाल विषारी नसते. सापसुरळीही नसते. गोम चावली तर आग होते, सूज येते, पण त्यानं माणूस जात नाही. मात्र गांधील किंवा मधमाश्या चावून तोंड सुजलं, दम लागला तर ते वेगळं, तेव्हा थांबू नका.

घरात विंचू का येतो? गारव्याला, फटीला आणि झुरळांना. झुरळं, रातकिडे हे त्याचं जेवण. म्हणून खरकटं रात्रभर ठेवू नका. भिंतीच्या भेगा लिंपा, माळवदाच्या लाकडांतल्या फटी बुजवा. गोवऱ्या, सरपण, कडबा घराच्या भिंतीला टेकवून रचायची आपली सवय आहे, ती मोडायला हवी. पहाटे अंधारात गोवरी काढताना हात घालू नका, आधी काठीनं हलवा. वाकळ, चप्पल, खुंटीवरचा शाळेचा सदरा झटकल्याशिवाय वापरू नका. बाज भिंतीपासून वीतभर सरकवा, वाकळ भुईला टेकू देऊ नका, मच्छरदाणी असेल तर चारी बाजूंनी खोचा. मण्यारीसाठी ती फार चांगली. कोंबड्या विंचू खातात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. आणि फवारणीचं शेतातलं औषध घरात मारू नका. विंचू फटीत सुखरूप बसतो आणि वास मात्र लेकरांच्या छातीत जातो.

एक गमतीची गोष्ट. नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी असते ना, तिच्या उजेडात अंधारातला विंचू हिरवट-निळा चमकतो. एका गटानं ती आणली आणि एका रात्रीत एका घराच्या मागल्या भिंतीवर सात विंचू मोजले. दुसऱ्या दिवशी त्या घरची सरपणाची रास हलली. नवरा दोन वर्षं ऐकत नव्हता.

आता गटाचं बोलते, कारण माझं कामच ते. रात्री दहाला विंचू चावतो तेव्हा बाईच्या हातात पैसे नसतात आणि "चला" म्हणायचा अधिकारही नसतो. गटाच्या पेटीत पैसे असतात, पण पेटीला तीन किल्ल्या आणि ठरावाची वही. म्हणून आमच्या काही गटांनी गाडीभाड्यापुरती रक्कम पेटीबाहेर, एका वस्तीत एका बाईकडं ठेवली आहे. ती मागणाऱ्या बाईला लगेच मिळते, सही नंतर. गाडी असलेल्या दोन घरांचे नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेले असतात. पैसे परत आले नाहीत तर काय, असा प्रश्न प्रत्येक गटात निघतो. मी म्हणते, आधी लेकरू परत येऊ दे.

शेवटी कागदांचं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश आणि विंचूदंश दोन्ही धरले आहेत. मृत्यू झाला तर घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात. सातबारावर ज्याचं नाव तो शेतकरी आणि ज्याचं नाव नाही असा घरातला आणखी एक जण, दोघंही बसतात. आई-वडील, नवरा किंवा बायको, मुलगा, लग्न न झालेली मुलगी, यांपैकी कुणीही एक. वय १० ते ७५. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडं, तीस दिवसांच्या आत. दुःखाच्या घरात तीस दिवस कधी जातात कळत नाही, म्हणून हे काम शेजारणीनं करायचं. दवाखान्याचा प्रत्येक कागद जपून ठेवायचा आणि विंचू की साप, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यायचं.

पुढच्या वेळी नोटांच्या बॅटरीच्या किमतीचं विचारून ठेवते. ज्या गटांना हवी आहे त्यांनी सोमवारच्या बैठकीत नाव द्या.