सेवक श्वानाचें बाळपण

मौद्यावरून नागपूर-भंडाऱ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याच्या कडेला, चहाच्या टपरीच्या आडोशाला एखादी कुत्री व्यालेली असते. तिचीं पिलें महिन्याचीं होतात न होतात तोंच ट्रकांचे भोंगे, शाळकरी मुलांचा गलका आणि कढईंतील तेलाचा चरचराट यांच्यांत निर्धास्तपणें लोळूं लागतात. उलट कन्हानच्या कांठीं आडबाजूच्या मळ्यांत वाढलेलें पिलूं चार-पांच महिन्यांचें झाल्यावर गांवांत आणावें, तर तें साध्या फटफटीच्या आवाजानें खाटेखालीं दडतें, आणि ती भीति पुढें सहसा सुटत नाहीं. हें अंतर जातीचें नव्हे. ज्या आठवड्यांत जग पाहावयाचें त्या आठवड्यांत एकानें तें पाहिलें, दुसऱ्यास तें दिसलें नाहीं. मनुष्याच्या सेवेसाठीं कुत्रा तयार करण्याचें सारें शास्त्र या गोष्टीवर उभें आहे.

अमेरिकेंतील बार हार्बर येथील संशोधकांनीं १९६१ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग याबाबत मोठा बोलका आहे. उंच कुंपण घातलेल्या शेतांत कांहीं पिलें आईसह ठेवलीं. त्यांच्या दृष्टीस माणूस पडूं दिला नाहीं. त्यांतील कांहींना निरनिराळ्या वयांत एकेक आठवडा माणसाच्या सहवासांत आणून पुन्हा शेतांत सोडलें. ज्यांना चौदा आठवडेपर्यंत असा सहवास घडलाच नाहीं, तीं रानटी जनावराप्रमाणें माणसास भिऊं लागलीं. पुढें लळा लावण्याचा यत्न केला तरी फारसा उपयोग झाला नाहीं. तिसऱ्या आठवड्यापासून साधारणतः बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिलाच्या मनाचें दार उघडें असतें, असें आज मानतात.

हें दार चुकलें तर काय बिघडतें? घरचा कुत्राहि भित्रा होतो. परंतु मुंबई पोलिसांचा लॅब्राडोर जातीचा जंजीर आठवावा. पुण्यास शिक्षण घेतलेल्या या कुत्र्यानें १९९३ सालच्या मुंबईंतील स्फोटांनंतर ३,३०० किलोंहून अधिक आर. डी. एक्स. व शेंकडों हातबाँब हुडकून दिल्याची नोंद आहे. २००० सालच्या नोव्हेंबरांत तो वारला, तेव्हां पोलिसांनीं त्यास इतमामानें निरोप दिला. नाक ही जन्मजात देणगी खरी. पण गर्दींत, आगगाडीच्या धडधडाटांत तें नाक स्थिर ठेवावयाचें, तर काळीज शांत असावें लागतें. अंधाचा वाटाड्या होणाऱ्या कुत्र्याची जोखीम तर क्षणोक्षणींची. पहिल्या महायुद्धांत दृष्टि गमावलेल्या सैनिकांसाठीं जर्मनींत ओल्डेनबुर्ग येथें १९१६ सालीं अशा कुत्र्यांची शाळा निघाली. तेथून ही विद्या अमेरिकेंत व इंग्लंडांत गेली. पुढें अनुभवानें असें दिसलें कीं, शाळेच्या पिंजऱ्यांत वाढलेल्या पिलांपेक्षां कुटुंबांत वाढलेलीं पिलें अधिक उपयोगी पडतात. म्हणून इंग्लंडांत १९५६ पासून दीड-दोन महिन्यांचें पिलूं सामान्य गृहस्थांच्या घरीं सोपविण्याची रीति सुरू झाली.

असें पिलूं मौद्याच्या एखाद्या घरीं आलें, तर त्यास काय शिकवावें? पहिली अडचण रोगाची. सहा-आठ आठवड्यांच्या वयापासून लसी टोचावयास लागतात व त्या चवथ्या महिन्यापर्यंत चालतात; तोंवर बेवारस कुत्र्यांच्या वावराच्या जमिनीवर पिलूं सोडणें म्हणजे पार्व्होसारख्या प्राणघातक रोगास आमंत्रण. पण लसी पुऱ्या होईपर्यंत घरांत कोंडावें, तर मनाचें दार मिटतें. यावर तोड एकच: पिलास कडेवर घेऊन हिंडवावें. बाजार दाखवावा, पोळ्याचीं वाजंत्रीं दुरून ऐकवावींत, लुगड्यांतील, गणवेषांतील, काठी टेकीत चालणारीं माणसें पाहूं द्यावींत. दिवाळीचा फटाका मात्र जवळ वाजूं देऊं नये. या वयांतील एकच मोठा धसका वर्षभराची मेहनत बुडवितो.

घरांत आल्यावर धडे साधे आहेत. निजून उठतांच, खाऊन होतांच, खेळ संपतांच बाहेर न्यावें. तेथें विधि उरकला कीं लगेच कौतुक करावें. दांत लावले तर खेळ तेथेंच थांबवावा. मारूं नये. छडीवर भिस्त ठेवणाऱ्या पिढीस हें पटणें जड जातें. परंतु मार खाल्लेलें पिलूं शिकतें तें इतकेंच कीं, हात दिसला म्हणजे भ्यावें, आणि वाटाड्याला तर त्याच हाताशीं जन्म काढावयाचा असतो. ताटांतला तुकडा कधींहि देऊं नये. श्रोत्यांपैकीं कोणास हें कठोरपण वाटेल. पण रस्त्यांत पडलेल्या भज्याकडे ओढ घेणारा कुत्रा आपल्या अंध धन्यासहि मोटारीपुढें ओढतो.

वर्ष-सव्वा वर्षानें शाळेचा माणूस साखळी घ्यावयास येतो. तोंवर मुलांनीं त्यास नांव ठेवलेलें असतें, आजीची दुपारची सोबत तोच झालेला असतो. शाळेंत गेलेल्यांपैकीं सारेच उत्तीर्ण होत नाहींत. कोणी जिना पाहून थबकतो, कोणास कबुतर दिसलें कीं भान राहत नाहीं. असा नापास कुत्रा पुष्कळदां ज्या घरीं वाढला तेथेंच परत येतो, आणि मुलें पेढे वांटतात. उत्तीर्ण झालेला येत नाहीं. त्या घरांत कांहीं दिवस त्याची वाटी कोणी उचलीत नाहीं. मग बहुधा दुसरें पिलूं येतें, आणि रात्रीं दोन वाजतां त्यास अंगणांत कोणीं न्यावयाचें यावरून भांडण पुन्हा सुरू होतें.